मानापायी मोकळी राहिलेली सडक

आमच्या घरात सकाळ व्हायची ती हँडलच्या आवाजानं. जाफराबादेत जिथं मोटार थांबायची तिथंच लिंबाखाली आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेर रहीमचाचा, म्हणजे मोटारीचे क्लीनर, पुढून हँडल मारायचे. मोटार दोनदा खोकायची, तिसऱ्यांदा रहीमचाचांच्या शिव्या खायची आणि चौथ्यांदा एकदाची सुरू व्हायची. तेवढ्यात माय तव्यावरचा शेवटचा धपाटा उतरवायची. तीळ-लसूण घातलेले धपाटे, वर शेंगदाण्याची चटणी, सगळं धुतल्या फडक्यात बांधून ती बाबांच्या हातात द्यायची, आणि कितीही धुतलं तरी त्या फडक्याला पेट्रोलचाच वास यायचा. अजूनसुद्धा पेट्रोलपंपावर गाडी उभी राहिली की मला सपाटून भूक लागते. नातू हसतो. हसू दे मेल्याला, त्यानं कुठं तो धपाटा खाल्लाय.

मोटार आमची नव्हती, एका शेठजींची होती. पण बाबा तिच्याबद्दल असं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, शेठजीच बाबांकडे नोकरीला आहेत. आम्ही जातीनं शिंपी. आज्या-पणज्यांची सगळी हयात सुई-कात्रीत गेली. बाबांनी मात्र सुई सोडून स्टेअरिंग धरलं आणि ते गणपत डायव्हर झाले. जाफराबादेहून भोकरदन, हसनाबाद करत जालन्याला जायचं आणि दिवस मावळायच्या सुमाराला परत यायचं. सडक तरी कसली, खडी दाबून केलेली एका मोटारीच्या रुंदीची पट्टी, रानापेक्षा हातभर उंच, आणि दोन्ही अंगांना काळी माती. समोरून बैलगाडी आली तर बैलगाडी खाली उतरायची, घोडा आला तर घोडा उतरायचा, आणि पायी माणूस तर लांबून हॉर्न ऐकूनच रानात जाऊन उभा राहायचा. बाबा म्हणायचे, "मोटार सडकेखाली उतरत न्हाई. उतरायला ती काय शेळी हाये?" तसं त्यांचं खोटंही नव्हतं. टपावर गठुडी, कोंबड्यांची खुराडी, वरून दहा-बारा माणसं. मोटार जरा तिरपी झाली असती तर सगळं बिऱ्हाड रानात सांडलं असतं.

सगळे उतरायचे, एक सोडून. हसनाबादचे एकनाथराव. तेही शिंपीच, पण बाजारचे शिंपी, आज या गावचा बाजार तर उद्या त्या गावचा. सायकलच्या कॅरिअरला शिलाई मशीन सुतळीनं करकचून बांधलेलं, हँडलला कापडाची थैली, डोक्याला तांबडा पटका, आणि अंगानं इतके बारके की लांबून आधी सायकल दिसायची, माणूस मागाहून दिसायचा. मोटार समोर आली की एकनाथराव सडकेच्या बरोबर मधोमध थांबायचे आणि एक पाय खाली टेकवायचे. बाबा हॉर्नचा रबरी फुगा दाबायचे. एकनाथराव घंटी वाजवायचे. मग बाबा खिडकीतून मान बाहेर काढायचे.

"अहो, बाजूला व्हा की! चाळीस माणसं खोळंबून राह्यली."

"मणभर लोखंड हाये मागं, डायव्हरसाहेब. खाली उतरलो तं वर कोण आणून देतं? तुम्ही?"

"मंग ही मोटार काय कापसाची हाये?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी बसलो."

आणि खरोखरच बसायचे. थैलीतून अर्धा शिवलेला सदरा काढायचे आणि सायकलीवर बसल्या बसल्या गुंड्या लावायला घ्यायचे. मोटारीतले लोक असे बेइमान की बाबांची बाजू घ्यायची सोडून खिडकीतून आपापले फाटके सदरे त्यांच्याकडे द्यायचे. "एकनाथराव, हितं उभेच हाये तं एवढा एक टाका घाला." बाबा आत धुमसत बसायचे. शेवटी रहीमचाचा आणि दोन धडधाकट माणसं उतरून सायकल मशीनसकट उचलायची, कडेला धरायची, एकनाथराव पटका सावरत बाजूला उभे राहायचे, मोटार पुढं जायची, आणि सायकल पुन्हा सडकेवर ठेवली जायची. म्हणजे दोघांच्याही मते सडक कुणीच सोडलेली नसायची. हे आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं. संध्याकाळी बाबा तोंड पाडून घरी आले की माय भाकरी थापता थापता विचारायची, "आज किती गुंड्या झाल्या?"

आता माझा नातू शहरात गाडी चालवतो. कुणी सायकलवाला पुढं आला की हॉर्नवर हात ठेवून बसतो. मी मागच्या सीटवरून म्हणते, अरे हळू, उद्या त्याची लेक आपल्या घरात यायची. तो म्हणतो, आजी, तो डिलिव्हरीवाला आहे. मी म्हणते, मग काय झालं, डिलिव्हरीवाल्यांना पोरी होत नाहीत का? ही पोरं शिकतात खूप, पण सोयरीक कुठून येते ते त्यांना कळत नाही.

माझी थोरली बहीण शांता. आम्ही तिला आक्का म्हणायचो. आक्का उंच होती. बाबांच्या डोक्यावरून तिला पलीकडचं दिसायचं. डोईवर दोन हंडे आणि कडेवर तिसरा घेऊन ती नदीवरून यायची आणि वाटेत थांबून गप्पाही मारायची. पण त्या काळी पोरीच्या उंचीचं कौतुक कुणाला! दोन ठिकाणं आली आणि गेली. पहिल्यांनी चुरमुऱ्यांचा सुशीला चापून खाल्ला, ‘कळवतो’ म्हणाले, ते आजतागायत कळवताहेत. दुसऱ्यांची म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "पोरगी हाये का शिडी?" त्या दिवसापासून आक्का खांदे पाडून, वाकून चालायला लागली. मला त्या म्हातारीचा असा संताप यायचा की तिच्या नावानं मी उंबऱ्यावर बोटं मोडायचे. मी तेरा-चौदा वर्षांची होते, त्याहून जास्त काही माझ्या हातात नव्हतं.

तिसरं ठिकाण आणलं जालन्याच्या मावशीनं. मुलगा दत्ता, वडीगोद्रीच्या शाळेत मास्तर, स्वभावानं चांगला. एकच बारीकशी गोष्ट म्हणजे आक्कापेक्षा चार बोटं बुटका. आणि दुसरी तितकीशी बारीक नसलेली गोष्ट म्हणजे हसनाबादच्या एकनाथरावांचा मुलगा.

"ते मशीनवाले?" बाबा ताटावरून उठलेच.

"मशीनवाले असू द्या न्हाईतर तोफवाले," माय म्हणाली. "पोरगं मास्तर हाये. खाली बसा."

आमच्यात तेव्हा मुलगी बघायला आले की तिला चार माणसांत सदऱ्याला काज करायला लावत. आक्कानं मान खाली घालून झर्रकन काज केलं. एकनाथरावांनी ते उजेडात धरून पाहिलं, नखानं टाका उचकटतो का बघितलं आणि हुं म्हणून ठेवून दिलं. मग कुणीतरी म्हणालं, उभी राहा बाई. आक्का उभी राहिली, तीही अर्धी वाकून. तेव्हा मुलगाच उठला, सरळ तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, हातानं आपलं डोकं तिच्या कानाला कुठं लागतं ते मोजलं आणि मोकळेपणी हसला. "चला," म्हणाला, "माळ्यावरचा डबा काढायला आता स्टूल घ्यायला नको." मी दाराआडून बघत होते. आक्काच्या ओठाच्या कोपऱ्यात कायतरी हललं, आणि किती महिन्यांनी तिनं पाठ सरळ केली.

बाबा आणि एकनाथराव तेवढा वेळ एकाच घोंगडीवर, दोन भिंतींकडे तोंडं करून बसले होते. "त्यान्ला म्हणावं, चहा घ्या." "त्यान्ला सांगा, घेतला म्हणावं." अशा बोलण्यात सुपारी फुटली.

पाहुणे गेले आणि मायनं बाबांना चुलीपुढं बसवलं. फुंकणी जमिनीवर आडवी ठेवली, ती सडक. फुंकणीच्या या टोकाला तांब्या, ती मोटार. त्या टोकाला लिंबू, ते एकनाथराव. "आता ते वरपिता झाले," माय म्हणाली, "आपण पोरीवाले. इथून पुढं हे लिंबू दिसलं की तांब्यानं खाली उतरायचं."

"मोटार खाली? सायकलीसाठी?"

"सायकलीसाठी न्हाई. व्याह्यांसाठी. हे तिसरं ठिकाण हाये. तुमच्या सडकेपायी हे मोडलं तं मी माहेरी जाईन आन् पोरगी तुम्हीच मोटारीत बसवून फिरवा."

बाबांनी तांब्याकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं. कधीही न हरलेला माणूस त्या लिंबासमोर हरला. पुढचे चार दिवस एकनाथराव काही वाटेत भेटले नाहीत, पण बाबांचा घास गोड लागेना. रोज सकाळी निघताना चेहरा असा की जणू फाशीलाच चालले आहेत.

पाचव्या दिवशी आक्का आणि मी मोटारीत होतो. मावशीला आवतण द्यायचं आणि लग्नाची लुगडी बघायची म्हणून जालन्याला निघालो होतो. बायकांच्या बाकावर आम्ही दोघी, शेजारी कोंबड्यांचं खुराडं मांडीवर घेतलेली एक म्हातारी, मागं कोर्टाची तारीख असलेला एक पाटील, जो दर पाच मिनिटांनी ‘जल्दी घ्या, डायव्हर’ म्हणत होता. भोकरदन मागं पडलं. हसनाबाद जवळ आलं तसा समोर लांबवर एक तांबडा ठिपका दिसला.

बाबांनी पाहिला. मोटार हळू झाली. रहीमचाचा सवयीनं सायकल उचलायला फळीवर उतरले, तर बाबा म्हणाले, "रहीमभाई, धरून बसा. आज आपण उतरून राह्यलो."

"क्या उतरते? कहाँ?"

बाबांनी डोळे मिटल्यासारखे केले आणि मोटार डावीकडं रानात घातली. बायका किंचाळल्या, टपावरची दोन गठुडी खाली गेली, म्हातारीचं खुराडं उघडलं आणि मोटारभर कोंबड्या उडाल्या. त्या रानात मोटेचा पाट फुटलेला होता. वरून माती कोरडी दिसत होती, आतून सगळा गारा. मोटार चाकांच्या अर्ध्यापर्यंत आत गेली आणि एका अंगावर कलून थांबली.

आता आम्हांला काय माहीत की हसनाबादेतही एक चूल होती आणि तिच्यापुढं एकनाथरावांनाही बसवलेलं होतं! त्यांच्या घरच्यांनी त्यांना बजावलं होतं, डायव्हरसाहेब वयानं मोठे, लेक देऊन राह्यले, आता वाट अडवली तं याद राखा. मोटार दिसल्याबरोबर त्यांनीही डोळे मिटून सायकल आपल्या डाव्या अंगाला घातली होती. आम्ही कोंबड्यांतून सावरून बाहेर पाहिलं तर पलीकडच्या चरात सायकल आडवी, मशीनवर तुरीचे डहाळे, आणि पटका हातात धरून चिखलात उभे एकनाथराव. अलीकडं आमची मोटार. मधे सडक अगदी स्वच्छ मोकळी. तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. गाडीवान आत झोपलेला होता. बैल आमच्या सगळ्यांच्या मधून, सडकेवरून, कुणाकडेही न बघता निघून गेले.

"व्याहीबुवा, तुम्ही काहून उतरले? मी उतरलो ना!" बाबा खिडकीतून म्हणाले. आवाजात मध होता.

"असं कसं? तुम्ही मोठे. घ्या, मोटार वर घ्या."

"आधी तुम्ही. मान तुमचा."

"न्हाई न्हाई. वयाला मान असतो."

"वरपित्याच्या आधी मी सडकेवर चढू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"आन् मी चढलो तं माझ्या घरी चूल पेटायची न्हाई."

पाटील मागून ओरडले, "माझी तारीख हाये हो!" पण त्यांच्याकडे कोण बघतो. रानाचा मालक शेतकरी बैलांच्या दोन जोड्या घेऊन धावत आला. रान तुडवलं म्हणून आधी दोघांनाही दोन-दोन शिव्या दिल्या आणि मग विचारलं, "बरं, आधी कोणाला काढू?"

"त्यान्ला!" दोघांनी एकमेकांकडे बोट केलं.

शेतकरी बैल सोडून बांधावर जाऊन बसला. ऊन वर यायला लागलं. आणि त्या उन्हात आवाजातला मध हळूहळू पातळ होत गेला.

"मी येवढी मोटार चिखलात घातली," बाबा म्हणाले, "शेठजी उद्या मला ठेवतेत का काढतेत ठाऊक न्हाई, आन् तुम्ही माझा मान घेऊन न्हाई राह्यले?"

"आन् माझं पोट ह्या चरात पडलं, ते दिसून न्हाई राह्यलं तुम्हाला? तुम्ही तरी माझा घेतला का?"

"म्हंजे मी दिलेला मान तुमच्या लायकीचा न्हाई?"

"जो माणूस माझा मान घेत न्हाई," एकनाथरावांनी पटका डोक्यावर आपटून बसवला, "त्याची लेक मी घेत न्हाई! सोयरीक मोडली!"

"मोडली तं मोडली!"

इतकी वर्षं वाट न देण्यावरून भांडले तेव्हा असं काही तुटलं नव्हतं, ते वाट देण्यावरून तुटलं. तिसरं ठिकाण. आता आक्का पुन्हा वाकणार, आणि या खेपेला कायमची वाकणार, एवढं मला कळलं, आणि मला रडूच फुटलं. शेजारच्या म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाबांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बापे म्हंजे नुसते बापेच असत्यात बाई."

आक्का उठली. नाकापर्यंत पदर घेतलेला होता, तो तसाच. मोटारीचं छप्पर डोक्याला लागायचं म्हणून ती दारापर्यंत मान तिरकी करून गेली, चिखलात उतरली, सडक ओलांडली आणि एकनाथरावांच्या पाया पडली.

"अखंड सौभाग्य..." सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, आणि मग आपण आत्ताच काय मोडलं ते आठवून ते मधेच थांबले.

आक्कानं सायकल उभी केली. सुतळी सोडली. ते मशीन, ज्याच्यासाठी आजवर तीन-तीन बापे लागायचे, तिनं हंड्यासारखं कडेवर घेतलं. मणभर कुठलं आलंय, अर्ध्या मणाचंही नसावं. पुन्हा सडक ओलांडून आली आणि बाबांच्या शेजारच्या सीटवर मशीन नीट ठेवलं. मग परत जाऊन सडकेच्या मधोमध उभी राहिली. एकीकडं बाप, एकीकडं होणारा सासरा, आणि खिडक्यांतून चाळीस डोकी. पाठ अगदी ताठ.

"मोडायची असंल तं मोडा," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं. "पण मला इचारलं का कोणी? मला हे लग्न करायचंय. मला मास्तर आवडले."

त्या काळी, त्या सडकेवर, कुणाच्या लेकीनं असं बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. रहीमचाचा हळूच ‘सुभानल्ला’ म्हणाले. पाटील तारीख विसरले. बाबांनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं, ते मला अजून दिसतं. लाज वाटली होती त्यांना, पण कशाची, ते तेव्हा मला कळलं नाही.

एकनाथरावांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "आवडला, बाई?"

"हो."

"उंचीला कमी हाये तो."

"मला दिसतंय."

एकनाथराव हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि तो मास्तर कुणावर गेलाय ते मला कळलं. "रहीमभाई," ते म्हणाले, "सायकल टपावर घ्या." मग बैलांच्या दोन्ही जोड्या जुंपल्या, सगळे बापे मागून लागले, पाटीलसुद्धा धोतर खोचून लागले, आणि सगळ्यांत मागून आमचे होणारे व्याही ढकलत होते. मोटार वर आली तेव्हा ते पटक्यापासून पायापर्यंत काळे झालेले. तसेच येऊन बाबांशेजारी बसले, मशीन मांडीवर घेऊन. त्या अवतारात बाजार कसला करणार, म्हणून आमच्याबरोबर हसनाबादलाच परत निघाले. तिथं उतरताना एकनाथरावांनी खिडकीत मान घालून विचारलं, "शेठजींना काय सांगसान?"

"सांगतो, व्याही भेटले व्हते," बाबा म्हणाले.

जालन्याला पोचायलाच दुपार कलली. मावशीला आवतण तेवढं दिलं, लुगडी राहिली, आणि त्याच मोटारीनं परत आलो. घरी सगळी हकिकत मीच सांगितली, कोंबड्यांसकट. माय कपाळावर हात मारून घेत होती, "चाळीस माणसांत? अगं, चाळीस माणसांत?" आणि आक्का अंबाडीच्या भाजीशी तिसरी भाकर खात होती. बाबा तेवढे भाकरीचा तुकडा मोडायचे आणि पुन्हा ताटात ठेवायचे.

"आपल्या वेळी," ते एकदम म्हणाले, "तुला इचारलं व्हतं का गं कोणी?"

मायनं तव्यावरची भाकर उलटली. "मला? मला सांगितलं, पोरगं कापड शिवतं, गरीब हाये, दिवसभर घरात बसून असतं. अंगाची हळद उतरायच्या आत तुम्ही मोटारीवर गेल्ते."

"आन् इचारलं असतं तं?"

"डायव्हरला?" माय म्हणाली. "बिलकुल न्हाई म्हणले असते."

बाबांना हसू फुटलं. आक्का हसली, तिचं बघून मीही हसले. माय हसली नाही.